पाचशे चारमधलं गाठोडं

हॉटेलच्या खोलीत पाऊल टाकल्यावर माणसं खिडकीकडे जातात, गादीवर बसून बघतात, फार तर न्हाणीघरातला नळ सोडून पाहतात. लाँड्रीवाल्यांच्या घरातली माणसं चादर उलटून बघतात. पाचशे दोन नंबरच्या खोलीत शिरल्यावर थोरल्या सुनेने खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नव्हती, आणि पलंगाच्या पायथ्याशी खोचलेली चादर उपसून ती तिचा काठ चाचपत होती.

"शिवण दुहेरी आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "पण नीळ जास्त झालीय."

"आपल्याला तिच्यावर झोपायचंय, ती धुवायची नाहीये," असं म्हणत थोरल्याने उशी उचलून नाकाशी नेली. "साबण पुरता निघालेला नाही पण."

शेजारच्या पाचशे तीनमधून धाकट्या दिराचा आवाज आला, "दादा, टॉवेल बघितलेस का? काय फुगवलेत रे!"

ही सहल चिमणीने ठरवली होती. चिमणी म्हणजे थोरल्यांची मुलगी. दोन वर्षांपासून ती या शहरात दातांच्या एका दवाखान्यात नोकरीला होती आणि दोन खोल्यांचं बिऱ्हाड करून राहत होती. "दोन रात्री हॉटेलात राहा, तुर्की जेवण जेवा, शहर हिंडा आणि दोन दिवस कपड्यांबद्दल एक अक्षर काढू नका," असं तिने सगळ्यांना फोनवर बजावलं होतं. त्यातल्या शेवटच्या अटीचा निकाल पहिल्या पाच मिनिटांतच लागला.

सहल नुसती मौजेची नव्हती, हे मात्र चिमणीसकट सगळे जाणून होते. लाँड्रीची जुनी जागा आणि तिच्या मागच्या राहत्या दोन खोल्या महिनाअखेरीस सोडायच्या होत्या. लाँड्री चार गल्ल्या पलीकडे नव्या दुकानात जाणार होती. थोरल्यांनी तिथेच जवळ फ्लॅट घेतला होता. धाकटा दोन तासांवरच्या गावात शाळामास्तर होता, त्याचं तिकडे घर होतं; त्याची दोन्ही मुलं या सहलीपुरती आजोळी होती. मग आईंनी कुठे राहायचं? दोन्ही मुलांनी विचारून पाहिलं, तेव्हा आई हातातली उशी झटकत म्हणाल्या होत्या, "सहलीहून निघताना सांगेन." तेव्हापासून दोन्ही घरं आईंची मर्जी सांभाळण्यात गुंतली होती.

आणि थोरलीला तेव्हापासून एकच घोर लागला होता: आई धाकट्यांकडे गेल्या तर? सव्वीस वर्षं ती आणि आई इस्त्रीच्या एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या होत्या. आईंनी तोंड भरून कौतुक असं कधी केलं नव्हतं. कॉलर बरी जमली असेल तर त्या ती मुकाट्याने गठ्ठ्यावर ठेवत, नसेल तर मुकाट्याने थोरलीच्या पुढ्यात परत टाकत. सासरे गेले त्या रात्रीपासून थोरली आपलं अंथरूण उचलून आईंच्या खोलीत झोपायला गेली होती, त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. सासू दुसरीकडे चालली, आता सुटलीस, असं एका शेजारणीने गमतीत म्हटलं, तर थोरली तिच्याशी आठ दिवस बोलली नाही. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आई नाहीत, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.

"आईंची पिशवी इथेच ठेवू ना?" ती चिमणीला म्हणाली. "तुझे बाबा झोपतील सोफ्यावर."

"आजीची खोली वेगळी आहे," चिमणी म्हणाली. "पाचशे चार. एकटीची."

"एकटीची?" थोरली आणि तिची जाऊ, दोघी एकदमच म्हणाल्या. धाकटी दारात येऊन उभी राहिली होती. एरवी या दोघींचं एकमत व्हायला मुहूर्त लागायचा.

"मी झोपते त्यांच्या सोबत," थोरली म्हणाली.

"तुम्ही रोजच झोपता, ताई. आज मी झोपते."

आई तोवर पाचशे चारमध्ये पोचल्या होत्या. पलंगावर बसून, पाय अधांतरी ठेवून त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. दोघी सुना दारात दाटीवाटीने उभ्या राहिल्या तशा त्या म्हणाल्या, "सोबत कशाला? मी काय भुतांना भिते?" आणि मग, जरा थांबून, "दार ओढून घ्या जाताना."

धाकटीने दार ओढलं. थोरलीने ते पुन्हा ढकलून बघितलं, नीट लागलंय की नाही ते.

संध्याकाळी सात वाजता चिमणी सगळ्यांना दोन गल्ल्या सोडून असलेल्या तुर्की खानावळीत घेऊन गेली. लांबुळका हॉल, तांब्याचे दिवे, आणि मागच्या भिंतीत तोंड उघडून बसलेली भट्टी. भट्टीसमोरचा आचारी पीठ हातावर ताणून नावेसारखा आकार द्यायचा, त्यात खिमा नाहीतर चीज भरायचा आणि लांब दांड्याच्या फळीवरून आत सरकवायचा. थोरला आणि धाकटा, दोघे भाऊ त्याच्या हातांकडे बघत उभेच राहिले. उष्णतेसमोर काम करणारा माणूस दिसला की या घरातल्या पुरुषांना तिथून हलवणं अवघड जायचं.

"बसा हो," थोरली म्हणाली. "तो काही पळून जात नाही."

आधी मसुराचं सूप आलं, लिंबू पिळून प्यायचं. मग लहान लहान बशा यायला लागल्या. लसूण घातलेलं घट्ट दही, भाजलेल्या मिरच्या, अक्रोड घालून वाटलेली लाल चटणी, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात. आईंनी प्रत्येक बशीतलं थोडं थोडं घेतलं, मग थोडं थोडं पुन्हा घेतलं. घरी अर्ध्या पोळीवर ताट सारणाऱ्या आईंना असं जेवताना बघून थोरलीला आनंदही झाला आणि धसकाही बसला. परगावी एवढी भूक लागत असेल, तर धाकट्यांच्या गावची हवाही मानवायची त्यांना.

कांदा-टोमॅटो भरून तेलात शिजवलेलं अख्खं वांगं आलं, तेव्हा वाढप्याने सांगितलं की या पदार्थाच्या नावाचा अर्थ ‘इमाम बेशुद्ध पडला’ असा आहे. खाऊन पडला की तेलाचा खर्च ऐकून पडला, यावर त्यांच्या देशात अजून वाद चालू आहे म्हणे.

"तेल बघून पडला असणार," आई म्हणाल्या. "हे टेबलावर सांडलं तर कापड गेलं समजा." आणि त्यांनी दुसरं वांगं घेतलं.

धाकटी लगेच पुढे सरसावली. "आई, हे मी शिकून घेईन हं. आमच्याकडे आलात की दर रविवारी करीन."

"मुलांच्या खोलीत तुझा पलंग टाकायचा ठरवलंय, आई," धाकटा म्हणाला. "दोन्ही नातवंडं रात्रभर तुझ्याजवळ. एक मिनिट कंटाळा येणार नाही."

"आमच्याकडे आई माझ्याच खोलीत असतील," थोरली म्हणाली. "आत्तापर्यंत होत्या तशाच. हे हॉलमध्ये झोपतील."

"मी हॉलमध्ये?" थोरला म्हणाला. त्याच्यासाठी ही बातमी होती.

कबाबांचं ताट मध्यात आलं. धगीवरून नुकतेच उतरवलेले, सळईचा आकार अजून अंगावर असलेले, खाली रस शोषून घ्यायला पातळ रोटी. सगळे खाण्यात गुंतले. थोरलीला वाटलं, वेळ टळली. तेवढ्यात थोरल्याने रोटीचा तुकडा मोडता मोडता, भलत्याच शांतपणे सांगून टाकलं, "खरं म्हणजे, धाकट्याकडे गेली तर बरं होईल. इथे राहिली तर ती इस्त्री सोडायची नाही. तिचे गुडघे बघा जरा."

थोरलीच्या हातातला कबाब ताटात पडला. सव्वीस वर्षांच्या संसारात नवरा दिराच्या बाजूने असा उघड उघड पहिल्यांदाच बोलला होता, आणि तेही कधी, तर तिच्या तोंडात घास असताना. ती पाणी प्यायली.

"तुमचे गुडघे काय विशीतले आहेत का?" शेवटी ती म्हणाली. "तुम्हीही जा मग भाऊजींकडे."

"वहिनी, दादा काळजीने म्हणतोय," धाकटा म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका, भाऊजी. तुमच्याच फायद्याचं बोलतायत ते."

"माझ्या गुडघ्यांचं काय चाललंय?" आई म्हणाल्या. त्या मघापासून गोडाच्या यादीतली चित्रं बघत होत्या. "चिमणे, हे केसांसारखं काय आहे गं? तारा तारा दिसतायत. मागव."

ते कुनेफे होतं. शेवयांसारख्या तारांच्या दोन थरांत वितळतं चीज, वरून पाक, वरून पिस्ता. आईंनी एक घास घेतला आणि डोळे मिटले. घरातल्या एखाद्या आजाऱ्याचं निदान ऐकायला बसावं तसे सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "उद्या नाश्ता इथेच." त्यापलीकडे त्या रात्री कोणालाच काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला थोरली पाचशे चारच्या दारात पोचली, तेव्हा आई आवरून बाहेर उभ्या होत्या. चेहरा असा ताजा की थोरलीने विचारलंच, "झोप लागली?"

"लागली," आई म्हणाल्या आणि हसल्या. त्यांचं हसणं थोरलीने मनात नोंदवून ठेवलं, पण त्याचं काय करायचं ते तिला कळलं नाही.

तुर्की नाश्ता म्हणजे टेबलाचं लाकूड दिसणार नाही एवढ्या बशा. तीन तऱ्हांचं चीज, काळी-हिरवी ऑलिव्हं, काकडी, टोमॅटो, मधात बुडवलेली दाट साय, टोमॅटो-मिरचीत मोडलेली अंडी, तीळ लावलेले कड्यासारखे गरम पाव, आणि कमरेत बारीक असलेल्या इवल्या पेल्यांतून चहावर चहा. दोन तास गेले तरी कोणी उठेना. थोरली अजून नवऱ्याशी अबोल्यात होती, त्यामुळे तिने सायीची बशी त्याच्यासमोरून उचलून जावेसमोर ठेवली. धाकटीने ती आनंदाने घेतली. दोघी जावांची अशी युती घरात क्वचितच दिसायची.

साडेदहाला सगळे हॉटेलात परतले, तेव्हा आईंची पिशवी खाली काउंटरपाशी उभी होती.

"ही माझी," आई म्हणाल्या.

काउंटरवरची बाई हसून म्हणाली, "हो, तुम्ही खोली सोडलीत ना. पिशवी वर राहिली होती, ती खाली आणवली."

"मी कुठे सोडली?"

गोंधळ उलगडायला दहा मिनिटं लागली. सफाईची बाई बोलावून आणली गेली. तिने हात हलवत सगळं सांगितलं. पाचशे चार उघडली तर पलंगावर गादीशिवाय काही नाही. चादर, अभ्रे, टॉवेल सगळं घडी करून, एकाच चादरीत बांधून, चार टोकांची गाठ मारून दाराशी ठेवलेलं. शेजारी भरलेली पिशवी. आणि गाठोड्यावर एक चिठ्ठी, तिच्यावर खोली उघडायचं कार्ड. बाईने चिठ्ठी खिशातून काढून दाखवली. आईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: चादरी दोन, अभ्रे दोन, टॉवेल तीन. एका टॉवेलला चहा, आधी गार पाण्यात.

"कार्ड का ठेवलंस वर?" धाकट्याने विचारलं.

"चिठ्ठी उडू नये म्हणून," आई म्हणाल्या. वरच्या यंत्राचा वारा येत होता ना. चिठ्ठीवर वजन ठेवायचं नाही तर मग गाठोडं कोणाचं हे कसं कळणार, असा त्यांचा चेहरा होता.

"अहो, पण चादर काढलीतच कशाला?" काउंटरवरची बाई कळवळून म्हणाली.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण पाचशे दोन आणि पाचशे तीनमध्येही दाराशी असंच एकेक गाठोडं उभं होतं. फक्त त्यांच्या मालकांनी कार्डं जवळ ठेवली होती. झोपून उठल्यावर अंथरूण तसंच टाकून निघून जाणं या घराला माहीतच नव्हतं. सफाईची बाई मात्र खूश होती. एवढ्या वर्षांत तिला पहिल्यांदाच कोणीतरी डाग दाखवून दिला होता.

वाईट एवढंच, की पाचशे चार आता एका नवविवाहित जोडप्याला दिली गेली होती, आणि हॉटेलात उद्यापर्यंत एकही खोली रिकामी नव्हती. काउंटरवरच्या बाईने तीनदा माफी मागितली आणि फळांची परडी पुढे केली.

"त्यात काय एवढं," धाकटी म्हणाली. "आई आमच्या खोलीत येतील. हे खाली झोपतील."

"पाचशे दोनचा पलंग मोठा आहे," थोरली म्हणाली. एका क्षणात सायीच्या बशीवरची युती मोडली. "आईंना माझी सवय आहे. अंधारात पाणी लागतं त्यांना."

"पाणी मीही देऊ शकते, ताई."

"एवीतेवी ती आमच्याकडेच यायची आहे, वहिनी," धाकटा म्हणाला. "तर आजपासूनच..."

"कोणी ठरवलं?"

"दादानेच सांगितलं ना काल!"

"दादाने कबाब खाता खाता सांगितलं. मी काही ते..."

"मला माझी खोली पाहिजे," आई म्हणाल्या.

त्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या. तरी सगळे थांबले. काउंटरवरच्या बाईने परडी खाली ठेवली.

"आजी, तुला काय हवंय ते नीट सांग," चिमणी म्हणाली. कोणाकडे राहणार, एवढंच बाकीच्यांनी विचारलं होतं; काय हवंय हे विचारणारी ती पहिलीच होती, आणि ते लक्षात आल्यावर थोरलीचा चेहरा उतरला.

आई काउंटरजवळच्या खुर्चीवर बसल्या. "आम्ही सात भावंडं," त्या म्हणाल्या. "एका सतरंजीवर झोपायचो. सतराव्या वर्षी लग्न झालं. मग हे, मग मुलं, मग तुम्ही सगळे, दोन खोल्यांत. हे गेले, तर ही माझी बाई अंथरूण घेऊन आली." त्यांनी थोरलीकडे बघितलं. "प्रेमानेच आली. मला हाकलवेना. मी एकाहत्तर वर्षांची आहे, आणि काल रात्री आयुष्यात पहिल्यांदा खोलीत एकटी झोपले. दिवा मला हवा तेव्हा बंद केला. मग पुन्हा लावला. नुसता बघायला."

धाकटा हसला, आणि मग त्याला हसू आवरून घ्यावं लागलं.

"निघताना सांगणार होते, आत्ताच सांगते. मुलांच्या खोलीत पलंग नको आणि माझ्यापायी कोणी हॉलमध्ये झोपायलाही नको. नव्या दुकानाच्या माळ्यावर खोली आहे ना, खिडकीवाली? फळ्या ठोकायच्या म्हणताय तिथे? ठोकू नका. मी राहीन. आतून कडी लागली पाहिजे."

"आई, जिने आहेत," थोरला म्हणाला.

"एकटीला रात्री काही झालं तर?" धाकटी म्हणाली.

"लोक काय म्हणतील? दोन मुलं असताना आई दुकानाच्या माळ्यावर!" धाकटा म्हणाला. कालपासून आपापलंच म्हणणं रेटणारे तिघे आता एका सुरात बोलायला लागले होते. सगळ्यांनी थोरलीकडे बघितलं. ती बोलली असती तर चौघं झाली असती, आणि चौघांपुढे आई गप्प बसल्या असत्या. दीड वर्षापूर्वी अंथरुणाच्या वेळी बसल्या होत्या, तशाच.

थोरलीला आधी रागच आला. दीड वर्ष ती रात्री दोनदा उठून आईंच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत होती, आणि आई काय डोळे मिटून नुसत्या सोसत होत्या? मग राग ओसरला आणि खाली नुसतं दुःख उरलं. तिला आपल्या टेबलासमोर आई हव्या होत्या. पण आईंना काय हवं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. चादरीची शिवण विचारली होती, चहात साखर किती ते विचारलं होतं.

"जिन्याला कठडा लावून घेऊ," ती म्हणाली. "आणि आजचं असं. पाचशे दोन आईंची. मी आणि धाकटी पाचशे तीनमध्ये. दोघे भाऊ चिमणीकडे जातील, जमिनीवर गादी टाकून."

"जमिनीवर?" थोरला म्हणाला.

"गुडघे तुमचे बरे आहेत ना?"

आधी चिमणी हसली, मग धाकटी, आणि शेवटी काउंटरवरची बाईही. थोरल्याने दोन्ही हात वर करून शरणागती पत्करली. "फळ्यांचं लाकूड आलंय," तो आईला म्हणाला. "त्याचं कपाट करून देतो."

आईंनी मान हलवली. चांगली जमलेली कॉलर गठ्ठ्यावर ठेवताना हलवत, तेवढीच.

पाचशे दोनमध्ये थोरलीने स्वतः पलंग लावला, कोपरे ताणून खोचले, आपली आणि नवऱ्याची बोचकी बाहेर काढली. आई खिडकीपाशी उभ्या होत्या. थोरली दाराशी घुटमळली. विचारू नये असं ठरवूनही तिने विचारलं, "मग कामावर?"

"काय कामावर?"

"यायचं की नाही तुम्ही. टेबलावर."

"जिना उतरला की दुकान. येणार नाही तर काय करणार? परवाच्या सगळ्या कॉलरी तू घाईत केल्यास." आईंनी तिला हलकेच दाराबाहेर केलं आणि दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज झाला.

थोरली बोचकी हातात घेऊन तिथेच उभी राहिली. ढकलून बघायला तिचा हात वर गेला होता, तो तिने खाली घेतला. डोळे भरून आले होते, आणि हसूही येत होतं. पलीकडून धाकटी हाक मारत होती की ताई, पलंगाची कुठली बाजू तुमची.

कडी पुन्हा वाजली. दार चार बोटं उघडलं.

"संध्याकाळी त्या तुर्क्याकडे जाऊ," आई फटीतून म्हणाल्या. "आपण दोघीच. ते तारांचं गोड खायला. तुला वेळ आहे का?"

सव्वीस वर्षांत आईंनी तिला हजार कामं सांगितली होती, कधी बोलावणं केलं नव्हतं. वेळ आहे का, हे तर कधीच विचारलं नव्हतं.

"आहे," थोरली म्हणाली.

"सहाला ये. दार वाजवून ये."

थोरली सहाला वीस मिनिटं कमी असतानाच केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून पाचशे दोनच्या बाहेर येऊन उभी राहिली. धाकटीने दोनदा डोकावून विचारलं, अहो ताई, आत जा ना. थोरलीने नुसती मान हलवली. सहा वाजले, तेव्हा तिने दार वाजवलं आणि आतून "कोण?" असं येईपर्यंत थांबून राहिली.